रुमालाखालचा हात

माझा नवरा हेडी होता. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जुळवणारा माणूस. आता बैलच थोडे राहिले, त्यामुळे हा शब्दही नव्या पोरांना सांगावा लागतो. त्यांचा सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा आणि आत एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. कोणतं बोट धरलं, किती धरली, कसं दाबलं, त्यावरून भाव. वर तोंडानं पावसापाण्याच्या गोष्टी चाललेल्या असायच्या, खाली हात बोलत असायचे. डोळ्यांचं तिथं काही काम नव्हतं. सगळं चाचपून.

बायकांनी बैलबाजारात थांबायचं नसतं. मी थांबायची. जवळा बाजार या गावी बैलबाजार भरायचा, तिथं नवऱ्याची भाकरी घेऊन जायची, भाकरी द्यायची आणि तिथंच लिंबाखाली बसायची. लोक त्याला विचारायचे, "बाईला काहून आणलं?" तो म्हणायचा, "म्या न्हाई आणलं. ती आली." घरी आल्यावर मी त्याच्या मागं लागून बोटांची भाषा शिकून घेतली. आमचा मीठ-मिरचीचा हिशेबसुद्धा आम्ही कधी कधी पदराखाली करायचो, सासूला कळू नये म्हणून.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या भाषेचा मला पुढं काही उपयोग पडला नाही. पडला तो परवा परवा, तोही एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली गोष्ट समजून घ्यायला. ती गोष्ट आणि तिच्यामागून आमच्या घरात जे झालं ते लिहून ठेवते आहे. मी चौथी शिकले आहे, तेवढ्यात होईल तेवढं. मुलाचं म्हणणं, घरातलं लिहू नये. मग त्यानं लिहू नये.

घरात आम्ही सहा जण. मी, माझा मुलगा, सून, त्यांचा मुलगा म्हणजे माझा नातू, नातसून, आणि त्या दोघांची पोरगी. जमीन सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली आहे, हळद आणि सोयाबीन होतं. मुलगा बापाच्याच धंद्यात आहे. बैल कमी झाले म्हणून आता म्हशी आणि शेळ्यांच्या सौद्यात मधे उभा राहतो. बापाचा रुमाल त्याच्या खांद्यावर असतो. बापाला नव्हती ती बिडीही त्याच्या तोंडात असते.

पोरगी जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. सहा महिने तिला साधी शिंकही आली नाही. नंतर सर्दी झाली, ती छातीत उतरली, हिंगोलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणली, जरा अंग धरलं, की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती. घरात भुसकट, अंगणात भुसकट, हवेत भुसकट. दुपारी मी तिला मांडीवर घेतलं तर श्वास घेताना तिच्या बरगड्यांच्या मधे खड्डे पडत होते आणि पोट वर-खाली उडत होतं.

लेकराचं पोट असं उडायला लागलं की आमच्याकडं म्हणतात, डबा झाला. आणि डबा झाला की बिब्बा घालतात. म्हणजे सुई तापवायची, बिब्ब्याच्या तेलात बुडवायची आणि लेकराच्या पोटावर चटके द्यायचे. त्यानं डबा उतरतो म्हणे. शेजारच्या गावात एक जण अजून हे काम करतो. सून पदर खोचून उभीच राहिली.

"आत्याबाई, पोरगी द्या. मोटारसायकलवर नेऊन आणते. उगी उशीर नगं."

"कुठं नेतीस?"

"बिब्बा घालाया. तुमच्यायेळी घालतच होते की."

मी पोरीला नातसुनेच्या हातात दिलं आणि सुनेसमोर लुगड्याच्या निऱ्या खाली ओढून पोट दाखवलं. माझ्या पोटावर बेंबीच्या भोवती पाच-सहा काळे डाग आहेत, सुकलेल्या बोरांसारखे. मी लेकरू असताना घातलेले.

"हे बघ. हे घालूनही मी पुन्हा आजारीच पडले, असं माझी माय सांगायची. आणि माझ्या दोन लेकरांनाही घातले होते. ती कुठं हायेत?"

सुनेनं खोचलेला पदर सोडला. तिच्या नवऱ्याच्या पाठची माझी दोन लेकरं छातीनं गेली, हे तिला माहीत होतं. त्या वेळी बिब्बा घालायचा की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळीही कुणी विचारलं नव्हतं, पण आता मी विचारायची वाट बघत नाही.

नातवानं गाडी काढली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि नांदेडला पाठवलं. मी पण गाडीत बसले. मुलगा म्हणाला, "तू काय करणार तिथं, माय?" मी म्हणाले, "बसणार." नांदेडला मोठ्या दवाखान्यात लहान लेकरांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्या नातवाएवढ्या असतील. पायात साधी चप्पल, केस बांधलेले, बोलणं स्वच्छ. पोरगी चार-सहा दिवसांत ओळखून हसायला लागली, तेव्हा त्या आमच्याजवळ बसल्या. खाटेवर नातसून पोरीला पाजत होती. मुलगा आणि नातू भिंतीला टेकून उभे होते.

"हिला पुन्हा पुन्हा हेच का होतं, त्यासाठी एक रक्ताची तपासणी करायची आहे," त्या म्हणाल्या. "रक्त बाहेरगावी पाठवावं लागेल. माझा एक संशय आहे."

"काय संशय?" मी विचारलं.

त्यांनी आधी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. विचारलं मी होतं, म्हणून मला सांगायला लागल्या.

"आजी, सर्दी-खोकल्याचे जे विषाणू असतात ना, त्यांच्या अंगावर साखर असते."

"चहातली?"

"साखरेच्याच जातीची, पण वेगळी. बारीक बारीक फांद्यांसारखी बाहेर आलेली. आपल्या शरीराच्या पेशींवरही असते. विषाणूकडं स्वतःचं काही नसतं, तो ती साखर आपल्याच पेशींतून घेऊन अंगावर घालतो. पण त्याच्या फांद्यांची टोकं आपल्यापेक्षा निराळी असतात, आणि एकमेकांना लागून दाट असतात."

"मग?"

"आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात, फुप्फुसाच्या आतल्या ओल्या थरातही असतात. त्यांचं काम साखर धरण्याचं. त्यांना दिसत नाही, ती चाचपतात. आपल्या पेशीची टोकं हाताला लागली की सोडून देतात. परकी लागली की धरतात."

मी जरा पुढं सरकले. "एका हातानं धरतात का?"

"एका हातानं धरलं तर सुटून जाईल. एकेका हाताची पकड ढिली असते. म्हणून त्यांना पुष्कळ हात असतात, गुच्छासारखे. सगळ्या हातांत एकदम फांदी आली की मग सुटत नाही."

"म्हणजे रुमालाखालचा सौदा," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मी मुलाच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, त्यांचा हात धरला आणि करून दाखवलं. एक बोट धरून सोडलं. मग पाचही बोटं एकदम धरली. त्यांनी हात ओढून पाहिला, आला नाही. त्या मोठ्यानं हसल्या. मुलाला लाज वाटली असावी, त्यानं रुमाल परत घेतला.

"धरून पुढं काय करतात?" मी विचारलं.

"विषाणूंना एकमेकांशी जखडून गठ्ठा करतात, म्हणजे त्यांना पेशीत शिरता येत नाही. आणि बाकीच्यांना हाक मारतात. मग खाणाऱ्या पेशी येऊन तो गठ्ठा गिळतात. पण विषाणूही काही कमी नाही, आजी. फ्लूचा विषाणूसुद्धा आपल्या पेशीवरची साखर धरूनच आत शिरतो. त्यालाही हात आहेत."

"आणि आमच्या पोरीचे हात?"

"रक्तातले हात हिला कमी असावेत, असं मला वाटतं."

नातसुनेनं मान वर केली. तिनं एकच विचारलं. "मग आधीचे सहा महिने कशी चांगली राहिली?"

"तुमच्यामुळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात असताना तुमच्या रक्तातून तिला संरक्षण मिळालं, मग दुधातून. पहिलं हळूहळू ओसरतं. तिचं स्वतःचं अजून तयार व्हायचं आहे, शरीर ते एकेक आजार बघून शिकतं. मधल्या काळात राखण करायला हेच हात असतात. ज्यांना कमी, त्यांना हा मधला काळ जड जातो. मोठी झाली की दुसरी राखण उभी राहते, मग फारसं अडत नाही."

हे मी नीट ऐकून ठेवलं. आईमुळं चांगली राहिली. पुढं हेच वाक्य आमच्या घरात कामाला येणार होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात धूर असतो का? चूल? कोणी ओढतं?"

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हणाले, "चूल पाणी तापवायला पेटते. आणि हा पेटतो."

"बंद करा. फुप्फुसातले हात हिला आहेत, पण धुरानं ते निकामी होतात. असलेले तरी राखा. आणि लसी सांगते, त्या चुकवू नका. फ्लूची घरातल्या सगळ्यांनी घ्या."

निकाल यायला बरेच दिवस लागले. आला तो फोनवर. डॉक्टरीणबाईंचा संशय खरा होता, ते प्रथिन पोरीच्या रक्तात फारच थोडं होतं. फोन मुलाच्या कानाला होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, तो मी समोर बसून ऐकला.

"हे आईकडून येतं का बापाकडून?"

त्यांनी काय सांगितलं ते नातवानं नंतर मला सांगितलं, तो बापाला लागून उभा होता आणि त्याला सगळं ऐकू गेलं. दोन्हीकडून येऊ शकतं. असं रक्त पुष्कळ धडधाकट माणसांचं असतं, त्यांना जन्मभर कळतही नाही. आईबापाचं रक्त तपासून पोरीच्या उपचारात काही फरक पडणार नाही, तपासायची गरज नाही. एवढं सगळं सांगितलं. मुलानं त्यातला 'आईकडून' एवढाच शब्द घरात आणला.

आधी सुनेनं आपल्या परीनं सुरुवात केली. जंतूच्या अंगावर साखर असते ना, मग साखरच नको. पोरीच्या नाचणीच्या खिरीतला गूळ बंद झाला. नातसुनेचा चहा अगोड झाला, कारण तिच्या दुधातून साखर पोरीला जाईल. साखरेचा डबा सुनेनं वरच्या फळीवर ठेवला. मी म्हणाले, "ती साखर निराळी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं न्हाई का?"

"साखर ती साखरच की, आत्याबाई. आपुन काहून जंतूला खायाला घालायचं?"

"मग तुझ्या चहात काहून हाय?"

"मला कुठं डबा झालाय."

याचं मला हसू आलं होतं. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

बैलबाजारात एक रीत आहे. बैल विकताना त्याची खोड सांगायची. मारका असेल, जुवाखाली बसत असेल, धापा टाकत असेल, तर आधी बोलायचं. न बोलता विकला आणि घरी नेल्यावर खोड दिसली, तर घेणारा ठरल्या मुदतीत बैल परत आणून बांधतो. हेडीला मधे पडून तो परत घ्यायला लावावा लागतो. माझ्या नवऱ्यानं अशी कितीतरी जनावरं परत करून दिली. रीत चांगली आहे. बैलासाठी.

मुलगा जेवताना म्हणाला, "पाहुण्यायनं लग्नाआधी सांगाया पाहिजे होतं."

"काय सांगाया पाहिजे होतं?" नातवानं विचारलं.

"रक्तात खोड हाय म्हणून. लपवून पोरगी दिली. आता दवाखान्यात कोण धावून राहिलं? आपुन."

नातसून भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. नातू ताटात बघत राहिला. तो चांगला पोरगा आहे, पण बापासमोर त्याच्या तोंडात घास अडकतो. मी म्हणाले, "तिच्या आईबापाला काय सपन पडलं होतं का, असलं काही असतं म्हणून? आपल्याला तरी नांदेडला गेल्यावर कळलं."

"म्हणून म्हणतो, तिची तपासणी करू. तिच्यातून निघालं की पाहुण्यायला बोलावू."

"आणि न्हाई निघालं तर?"

तो ताट सारून उठला. त्यानं तपासणीची वाट बघितली नाही. पुढच्या रविवारी नातसुनेच्या वडिलांना फोन करून बोलावून घेतलं.

ते कळमनुरीकडचे शेतकरी. बुटके, शांत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसायची सवय. ओसरीतल्या बाजेच्या अगदी कडेला बसले. मुलीला काय झालं, म्हणून घाबरेघुबरे आले होते. मुलगी दारात पोरीला कडेवर घेऊन उभी, आणि दाराशी तिची पिशवी. पिशवी सुनेनं सकाळीच भरून ठेवली होती.

"इवाई," मुलगा म्हणाला. व्याह्यांना आम्ही इवाई म्हणतो. "राग मानू नगा. पोरीला काही दिवस तिकडं घेऊन जा. लेकरालाही. हवापालट व्हईल. अन् तिच्या रक्ताची तपासणी तेवढी करून घ्या. चांगली निघाली म्हणजे बघू."

"अन् चांगली न्हाई निघाली तर?" व्याह्यांनी विचारलं.

"बघू म्हणलं ना."

'बघू' म्हणजे काय, हे त्या ओसरीतल्या सगळ्यांना कळत होतं. आमच्या गावात अशी 'बघू' म्हणून माहेरी गेलेली एक बाई आहे. तिचे केस तिथंच पांढरे झाले.

व्याह्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मुलगी न्यायची तर न्यावी लागेल, असा त्यांचा चेहरा होता. बैलाचा धनी परत आलेलं जनावर सोडून न्यायला उठतो, तसे ते अर्धे उठले. ते बघून माझं डोकं फिरलं.

"बसा," मी म्हणाले. "चहा झाल्याबिगर कुठं चालले?" आणि सुनेला म्हणाले, "वरचा डबा काढ. चहात साखर घाल. सगळ्यायच्या. नातसुनेच्या चहात जास्त घाल."

सून हलली नाही. नातसूनच आत गेली, पोरीसकट. फळीवरून डबा खाली आल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

मी उठून मुलाच्या समोर बसले. "हात दे."

"काय, माय?"

"हात दे म्हणलं."

त्यानं दिला. मी माझा पदर त्याच्या हातावर टाकला आणि आत त्याची पाचही बोटं एकदम धरून हात खाली दाबला. आमच्या बाजारात याचा अर्थ एकच. बोलणं संपलं, आता वर-खाली नाही, रुमाल काढायचा. त्याच्या बापानं त्याला हे शिकवलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्यानं हात ओढून पाहिला. माझी बोटं वाकडी झाली आहेत, पण दगडाचं जातं ओढलेली आहेत.

"काय धरलं?" मी विचारलं.

"सोड ना, माय. पाहुणे बसलेत."

"पाहुण्यासमोरच सांग. काय धरलं?"

"सगळी बोटं."

"मग काय झालं?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोलणं संपलं."

"तुझं संपलं. माझं आता सुरू व्हतं. तुझ्या पाठचं एक पोरगं अन् एक पोरगी, दोन्ही छातीनं गेली. दोन्ही साताठ महिन्यांची. दोघायला डबा झाला म्हणून बिब्बा घातला. तवा ही माझी नातसून कुठं व्हती? जन्मली पण नव्हती. तिच्या मायचं तरी लगीन झालं व्हतं का? मग ती खोड कुणाच्या रक्तातून आली? तुझ्या बापाच्या, का माझ्या?"

"ते येगळं, माय. तवा दवाखाने कुठं व्हते."

"दवाखाने नव्हते. रक्त व्हतं ना?"

मी त्याचा हात सोडला आणि पदर सावरला.

"मी लेकरू असताना मलाही तेच झालं. हे डाग हायेत. तुझ्या बापानं मला परत नेऊन बांधलं न्हाई. हेडी असून न्हाई बांधलं. त्याला बैल अन् बाई यातला फरक कळत व्हता. तुला तपासणीची लई हौस हाय ना? मग बराबर करू. आधी माझं रक्त काढा. मग तुझं. मग तुझ्या पोराचं. शेवटी हिचं. ज्याच्यात खोड निघंल त्यानं घर सोडायचं. माझ्यात निघाली तर मी जाते. पिशवी भरलेलीच हाय, तिचे कपडे तेवढे काढा."

"माय, तू काय बोलून राहिली?"

"बराबर बोलून राहिले. उद्या जाऊ नांदेडला. गाडी काढ."

नातसून चहा घेऊन बाहेर आली होती. पोरगी तिच्या कडेवर, ताटली एका हातात. तिनं बापाला चहा दिला, मला दिला. सासऱ्यासमोर कप ठेवताना थांबली आणि म्हणाली, "माझं रक्त काढा, मामंजी. मी न्हाई म्हणत न्हाई. पण आजी म्हणत्यात त्या नंबरानं. तुमचा नंबर माझ्या आधी हाय."

ती या घरात आल्यापासून सासऱ्याशी एवढं मोठं वाक्य बोलली नव्हती. व्याही चहा पिता पिता खोकले. खोकले की हसले, मला सांगता येणार नाही. टोपी पुन्हा गुडघ्यावर आली होती.

नातवाला तेव्हा कुठं बापासमोर तोंड फुटलं. "दादा, डॉक्टरीणबाई दवाखान्यात बोलल्या, फोनवर बोलल्या. मी ऐकलं. पहिले सहा महिने पोरगी चांगली राहिली ती हिच्यामुळं. तपासणीची गरज न्हाई म्हणल्या. मग तुमी काहून मागं लागले?"

"मग ऐकलं व्हतं तर इतके दिवस बोलला काहून न्हाई?" मी त्याला विचारलं.  पण निदान बोलला.

मुलानं खिशातून बिडीचं बंडल काढलं. त्याची ती सवय आहे, अडचण आली की बिडी. काडी ओढायला लागला आणि त्याला कळलं की सगळे त्याच्याकडं बघत आहेत, कडेवरची पोरगीसुद्धा.

"एका खोडीचं तर तपासायची पण गरज न्हाई," मी म्हणाले. "ती समोर दिसून राहिली. ओढायची तर रस्त्यावर."

तो उठला आणि रस्त्यावर गेला. चहा तसाच राहिला. तो मी प्यायले, दोन कप झाले.

रक्त कुणाचंच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पातळ बदलून ओसरीत बसून होते, मुलगा नांदेडचं नाव घेईना. कधी जायचं, म्हणून मी दोन-तीनदा विचारलं. तो म्हणाला, "सोड आता, माय." मी सोडलं नाही, पण विचारायचं थांबवलं. माझ्या रक्तात काय आहे ते मला अजून माहीत नाही. कळलं नाही म्हणून माझं काही अडलं नाही. सत्तरी ओलांडून मी इथं बसले आहे, ज्या हातांनी आणलं त्यांनी आणलं.

पिशवी कुणी रिकामी केली ते मी बघितलं नाही. पण लस द्यायला नांदेडला गेलो तेव्हा तीच पिशवी नेली, पोरीचे कपडे आणि दुपटी घालून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फ्लूची लस घरातल्यांपैकी कोण कोण घेणार?" मी बाही वर केली. त्या म्हणाल्या, "आजी, सांगा हो ह्यांना ते रुमालाचं." शेजारी दुसरं एक लेकरू घेऊन आईबाप बसले होते. मी त्यांना करून दाखवलं. या वेळी मुलानं रुमाल स्वतः काढून दिला, तोंड मात्र दुसरीकडं करून.

तो चांगला झाला असं मी म्हणणार नाही. बिडी सुटली नाही, रस्त्यावर गेली आहे. पावसात दाराबाहेर छत्री धरून ओढतो, लोक हसतात, हसू देत. सून माझ्याशी बोलते ते कामापुरतं. तिनं भरलेली पिशवी मी दारातच अडवली, हे ती विसरायची नाही, आणि विसरावं अशी माझी मागणी नाही. चुलीवरचं पाणी बंद झालं, गॅसवर तापतं. त्यावरून ती भांडी आपटते. आपटू दे, भांड्याला धूर नसतो.

पोरगी आता चालते. खिरीत गूळ घातला नाही तर वाटी ढकलून देते. मधे एकदा पुन्हा ताप आला, दोन दिवस नांदेडला राहून आलो, पोट उडालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही दिवस जपावं लागेल. जपू. सकाळी ती ओसरीच्या उंबऱ्यावर बसून खोकते तेव्हा रस्त्यानं जाणारी एखादी बाई थांबते आणि मला विचारते, "अजून खोकतीच का हो?"

मी सांगते, "व्हय. खोकती. आमच्याच घरात खोकती."